चिखलात उतरायचा पाय

इंदुताईच्या हाताखालून गेलं नाही असं मूल गावात शोधून सापडायचं नाही. पोंभुर्ण्याहून सागाच्या जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण बाळ घरी आलं की त्याच्यासाठी पहिला निरोप इंदुताईला जातो. मग सव्वा महिना ती रोज सकाळी त्या घरी जाते, भिंतीला टेकून पाय लांब करते, नडग्यांवर बाळ पालथं घेते आणि त्याला तेल लावते. बाळ आधी रडून घर डोक्यावर घेतं, मग हळूहळू सैल पडतं आणि तिच्या पायांवरच झोपी जातं. आया म्हणतात, इंदुबाईच्या हाताला झोप आहे.

तेल टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. टोरी ती स्वतः वेचते, फोडते, वाळवते आणि तेलघाण्यावर उभी राहून तेल काढून आणते. थंडीत ते तुपासारखं थिजतं, तेव्हा वाटी चुलीपाशी सरकवायची. वास उग्र असतो. बाहेरून आलेल्या सुनांना सुरुवातीला मळमळतं, पुढे त्याच सुना माहेरी बाटली भरून नेतात.

इंदुताईचं सगळं वैद्यक त्या वाटीत होतं. टाचेला भेगा पडल्या, तेल. बैलाचा खांदा सोलवटला, तेल. नवऱ्याच्या चामडी चपला, कुऱ्हाडीचा दांडा, सुपाच्या काठाची वेताची वीण, जे जे तडकतं ते कोरडं पडलेलं असतं आणि कोरड्याला तेल पाहिजे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा लटारू कधी अबोला धरून बसला की शेजारची रंजीता म्हणायची, "याहीलेबी लावून पाह्य ना इंदुबाई, जरासं."

तिची एकुलती एक लेक पुनम. पुनमच्या पायांना तिनं किती तेल लावलं असेल याला हिशेब नाही. चौथीत असताना धानाच्या रोवणीच्या दिवसांत, बांधावरून धावताना पुनमच्या उजव्या पायाला घोणस चावली. चंद्रपूरच्या दवाखान्यात जीव वाचला, पण पाऊल काळं पडलं आणि गुडघ्याखाली वीतभर सोडून बाकीचा पाय काढावा लागला. घरी आल्यावर इंदुताईनं पहिल्यासारखीच वाटी घेतली आणि उरलेल्या पायाला तेल लावलं. पुढे रबराचं पाऊल असलेला बनावटी पाय आला, तेव्हा रात्री तो भिंतीशी टेकवून पुनम झोपायची आणि पहाटे चूल पेटवायच्या आधी इंदुताई त्यालाही दोन बोटं तेल लावायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच तिला वाटत नव्हतं.

त्या पायावर पुनम शाळेत गेली, सायकल शिकली, नागपूरला रसायनशास्त्र शिकायला गेली. एकच ठिकाण तिला बंद झालं होतं, धानाची बांधी, म्हणजे भातखाचर. चिखलात रबराचं पाऊल रुतून बसायचं, पाणी आत शिरायचं, धसकटांनी त्याला चिरा पडायच्या आणि महिन्याभरात पाऊल फाटायचं. गावातल्या बाकीच्या मुली आयांच्या बाजूला वाकून परहे, म्हणजे धानाची रोपं, लावायला शिकल्या. पुनमनं दारातल्या फुटक्या घमेल्यात चिखल कालवला आणि त्यात तीच रोपं ओळीनं लावून बसली. इंदुताई कामावरून आली तेव्हा तिला ते घमेलं दिसलं. ती मनातल्या मनात म्हणाली, बरं झालं, घमेल्यात साप नाही.

पुनम पीएचडीला लागली तेव्हा इंदुताईला कळलं की पोरीच्या डोक्यातून ते घमेलं गेलेलं नाही. ती एक लवचीक पदार्थ बनवत होती, पॉलियुरेथेनच्या जातीचा. फोमच्या गाद्या, चपलांचे तळवे ज्या कुळीतले, त्याच कुळीतला. फरक हा, की तो चिरला तर दोन्ही कडा एकमेकींना लावून, दाबून, उबेला ठेवायच्या. रात्रभरात चीर आपोआप बुजते. डिंक नको, टाका नको. त्याचा पायमोजा करून बनावटी पावलावर चढवायचा, म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि धसकटानं चिरलाच तर रात्री घरी बुजवून सकाळी पुन्हा शेतात. धान लावणारी आणि एक पाय गमावलेली बाई काही पुनम एकटीच नव्हती.

पहिला मोजा तिनं उन्हाळ्यात आणला. त्याची चीर बोलता बोलता बुजायची, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात तो घालून ती दुपारपर्यंत उभी राहिली आणि मोजा घोट्यावरून ओघळून तळव्याशी गोळा झाला. लटारू खाटेवरून बघत होता. "पोरीनं पाय बनवला का गुळाचा पाक?" तो म्हणाला, आणि पुनम स्वतःच इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दुसरा मोजा भक्कम होता. त्याच्या बोटभर पट्टीला भरलेली बादली टांगली तरी हलेना. पण तो एकदा चिरला की चिरला, आठवडाभर दाबून ठेवला तरी ढिम्म. मजबूत हवं तर बुजत नाही, बुजायला हवं तर उभं राहत नाही, या दोन दगडांमध्ये तिची दोन वर्षं गेली.

तिसऱ्यानं दोन्ही केलं. मधाच्या रंगाचा, आरपार उजेड जाऊ देणारा मोजा. नागपूरच्या प्रयोगशाळेत त्याची चीर रात्रभरात बुजली आणि सकाळी यंत्रानं ताणला तेव्हा जवळजवळ सबंध मोज्याइतकंच बळ त्यानं दाखवलं. पुनम दोन मोजे घेऊन आषाढात घरी आली. एक पावलावर चढवलेला, एक डब्यात, जास्तीचा. तिच्या सरांनी बजावून पाठवलं होतं: हा प्रयोग या रोवणीत झाला तर झाला. नाही जमलं तर पायाचा नाद सोड, या पदार्थाच्या नुसत्या पट्ट्या तपासून प्रबंध पूर्ण कर. पट्ट्यांनी पदवी मिळाली असती. पाय मात्र राहिला असता.

बांधीत उतरायच्या आधी घरीच खात्री करून घ्यायची, असं पुनमनं ठरवलं. दोन दिवस अंगणातल्या चिखलात ती चालली, आणि मग ब्लेडनं मोज्यावर लहानशी चीर दिली. चूळभर पाण्यानं धुऊन, पुसून, कडा जुळवून वरून जुन्या लुगड्याची चिंधी आवळली आणि पाय चुलीच्या वैलापाशी, ऊब लागेल पण आच लागणार नाही असा ठेवला. सकाळी चिंधी सोडली. चीर तशीच होती. अंगठ्यानं जरा उघडताच तोंड वासून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं चीर साबणानं धुतली, अर्धा दिवस सुकवली, रात्रभर जास्त ऊब दिली. तेच.

गावात रोवणी सुरू झाली होती. रंजीताच्या बांधीत चिखलणी होऊन गेली होती, परहे उपटून तयार होते. पुनम ओसरीवर बसून सरांशी फोनवर बोलली. तिथं जुळत होतं, इथं जुळत नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. इथल्या पाण्यात लोह जास्त असेल, हवेत दमटपणा जास्त असेल, काहीतरी असेल. सरांनी बहुतेक परत ये म्हणून सांगितलं, कारण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तशीच, रस्त्याकडे बघत बसली होती.

आत तांदूळ निवडत इंदुताई ऐकत होती. आणि तिला बरं वाटलं.

तिला स्वतःची लाज वाटली, तरी बरं वाटलंच. पोरगी नागपूरला राहील, पट्ट्या ताणील, फरशीवर चालेल. आषाढातल्या बांधावर तिचा पाय पडणार नाही. पोरीला साप चावला त्या दिवसापासून इंदुताई स्वतः रोवणीला जायची ती प्रत्येक पावलाआधी काठीनं गवत झोडपत, आणि बाया तिची थट्टा करायच्या. आता निदान पोरीपुढे काठी घेऊन चालायची वेळ येणार नव्हती.

दुपारी पाऊस लागला. पुनम पाय मांडीवर घेऊन त्याच त्या चिरेकडे बघत बसलेली. तिचा उतरलेला चेहरा पाहून इंदुताई जवळ येऊन टेकली आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "तुह्यं ते औषध इथी काऊन लागू पडत नाई?"

"औषध नाई हाय माय त्याच्यात." पुनम म्हणाली. मग जरा थांबून, "तू मार्कंड्याच्या जत्रेत गेलती ना? जत्रेत पोरं कशी असते?"

"कशी असन? पदराले लोंबून."

"गर्दी आली का पदर सुटते. मंग ते पोरगं का करते?"

"रडते." इंदुताई म्हणाली. "मंग जवळ जो पदर दिसन तो धरते. काकीचा धरन, मावशीचा धरन."

"आन कडेवरचं?"

"त्याले तं कमरेलेच बांधा लागते."

"तसंच हाय याच्यात." पुनमनं मोजा उजेडात धरला. आत अगणित बारीक साखळ्या असतात, ती सांगत गेली, आणि साखळी साखळीला धरून असते. बरेचसे बंध पदर धरणाऱ्या पोरांसारखे. काही हायड्रोजनचे, अगदी सैल. काही गंधकाचे, ऊब मिळाली की जागा बदलणारे. सुटतात आणि समोर जो येईल त्याला पुन्हा धरतात, म्हणून चीर बुजते. थोडेसे बंध कडेवरच्या पोरासारखे, काही झालं तरी न सुटणारे, म्हणून मोजा उभा राहतो. पहिल्या मोज्यात नुसते पदर धरणारे होते, तो ओघळला. दुसऱ्यात बहुतेक कडेवरचेच, तो बुजेना. किती हे आणि किती ते, एवढं ठरवण्यातच तिची वर्षं गेली होती.

"पण हात हाताले लागलाच पायजे," पुनम म्हणाली. "मधात काही आलं का संपलं. मातीचा थर म्हण, मेण म्हण, तेल म्हण. म्या धुतलं, पुसलं, सुकवलं. इथी मधात येऊन राह्यलं तरी काय, तेच समजत नाई मले."

इंदुताई उठली. भाकरीचं पीठ मळायचं राहिलंय असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली आणि चुलीपुढे बसली. वैलाच्या कडेला वाटी होती. आज पहाटे तिनं चिंधी सोडून आधी घोट्याला, मग चिरेला, मग टाचेला तेल लावलं होतं आणि चिंधी होती तशी बांधून ठेवली होती. कालही. पोर आल्यापासून रोज. चिरेत तर जरा जास्तच, कारण ती चीर होती.

तिनं पीठ मळायला घेतलं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. वाटी घरात कायमचीच, वास घरात कायमचाच. त्या वासात वाढलेल्या पोरीच्या नाकाला तो वास म्हणून कळतही नव्हता. दोन दिवस गप्प राहायचं होतं फक्त. दोन दिवसांनी पुनमनं पिशवी भरली असती आणि एसटी धरली असती. देवानंच एवढं हातात आणून दिलं होतं. इंदुताईनं पीठ इतकं मळलं की ते पातेल्याला सोडेना, मग त्यात आणखी पीठ घातलं, मग पुन्हा पाणी. ओसरीवरून पुनमचा आवाज येईना. रडत असती तर बरं झालं असतं, पण ती पोर लहानपणीसुद्धा दवाखान्यात रडली नव्हती, फक्त छताकडे बघत पडून राहायची.

इंदुताई पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"पुनम, पायाले तेल लावलं म्या."

"कोणत्या पायाले?"

"त्याच."

पुनमनं मांडीवरच्या पायाकडे पाहिलं, मग आईकडे. "कवा?"

"रोज. तू उठाच्या आंधी."

 मग पुनमनं पाय नाकाशी नेला, खोल वास घेतला आणि डोळे मिटले. "माय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, "हा पाय नोय. हा प्रयोग हाय. तीन वर्षं झाले मी याच्यावर काम करून राह्यली."

"मले का मालूम. मले तं पायच दिसते."

 राग पुनमच्या चेहऱ्यावर आला, तिथं थोडा वेळ राहिला आणि कुठं जावं ते न कळल्यासारखा गेला. शेवटी तिनं हळू विचारलं, "मले सांगतलं काऊन? नसतं सांगतलं त मी बांधीत गेलीच नसती. तुले तेच पायजे होतं ना?"

"हाव," इंदुताई म्हणाली.

"मंग?"

 इंदुताईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तो डब्यातला मोजा काढ. याचं आता काही होत नाई."

पहिली चीर देण्याआधीपासून रोज मुरलेलं तेल खरंच निघणारं नव्हतं. डब्यातला मोजा कोरा होता. पुनमनं तो पावलावर चढवला, आणि मग ब्लेड घेऊन त्या कोऱ्या, मधाळ मोज्यावर घोट्यापासून खाली बोटभर लांब चीर दिली. इंदुताईनं तोंड फिरवलं. कडा जुळल्या, दुसरी धुतलेली चिंधी बांधली गेली, पाय वैलापाशी गेला. वाटी लटारूनं न सांगता उचलली आणि वर आढ्याशी टांगलेल्या शिंक्यात ठेवली. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "तिथीच राहू दे," तो म्हणाला, "नाई तं मलेबी लावशीन."

सकाळी चिंधी सोडली तेव्हा चीर होती तिथं केसासारखी एक रेघ उरली होती. पुनमनं ती दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली. मग पाय आईपुढे केला.

"ओढ."

"मी नाई."

"ओढ ना माय. माह्या हातात जोर नाई तुह्यासारखा."

लहान बाळांचे हातपाय मोकळे करणारे ते हात. इंदुताईनं रेघेच्या दोन्ही बाजूंनी मोजा धरला, आधी भीत भीत ओढला, मग जरा जोरानं, मग ओठ दाबून, सगळा जीव लावून. रबरी पाऊल तिच्या हातात वाकडं झालं. रेघ पांढुरकी पडली, पण सुटली नाही.

"आता?" ती धापा टाकत म्हणाली.

"आता बांधी," पुनम म्हणाली.

रंजीताच्या बांधीवर त्या दोघी पोचल्या तेव्हा बाया वाकलेल्याच होत्या. लटारू पुढे जाऊन बांधावरचं गवत काठीनं झोडपून आला होता, दोनदा. पुनमनं परकराचा ओचा खोवला आणि डावा पाय आत टाकला, मग उजवा. चिखलानं तो घोट्यापर्यंत घेतला. काढताना असा आवाज झाला की बायांनी माना वर केल्या. पुढच्या पावलाला ती कलंडली, एक हात चिखलात टेकला, कोपरापर्यंत काळी झाली आणि उठली. इंदुताई दोन बाया पलीकडे होती. तिचे परहे हातातच होते.

"इंदुबाई," रंजीता मान वर न करता म्हणाली, "परहे रोवून राह्यली का पोरीचे पाय मोजून राह्यली?"

बाया हसल्या. पुनमची ओळ बैल मुतल्यासारखी वाकडी जात होती, तिच्यावरही हसून झालं. नागपूरच्या शाळेत अशीच ओळ शिकवते का, असं कुणीतरी विचारलं. तिकडे ओळी नाहीत, नुसत्या साखळ्या आहेत, असं पुनम म्हणाली, आणि ते कुणाला कळलं नाही तरी सगळ्या हसल्या. इंदुताईनं चार परहे लावले की एकदा मान वर व्हायची. मग सहा. मग पाऊस आला, मग गेला, आणि मधला बराच वेळ तिनं पुनमकडे पाहिलंच नव्हतं हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं झटकन मान वर केली. पुनम तिथंच होती. वाकलेली, ओळीत मागे पडलेली, बोलत असलेली.

भाकरीच्या वेळी पुनम बांधावर आली आणि पाय पुढे करून बसली. मोज्यावर टाचेपासून वर एक लांब, तिरपी चीर गेली होती. चिखलात दडलेलं धसकट असावं. पुनमचे डोळे चमकत होते. ब्लेडची नव्हती ती. बांधीनं दिलेली खरी चीर होती.

तिनं बाटलीतल्या पाण्यानं ती धुतली, कोरड्या फडक्यानं टिपली, पिशवीतून चिंधी काढली. दोन्ही हातांनी कडा जुळवल्या तर चिंधी बांधायला तिसरा हात नव्हता. तिनं आईकडे पाहिलं.

इंदुताई पाटाच्या पाण्याशी गेली. हात मातीनं घासले, धुतले, पुन्हा घासले. फडक्यानं बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसल्या. मग येऊन बांधावर बसली, लेकीचं पाऊल नडग्यांवर घेतलं आणि चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना लावून दाबून धरल्या. पुनम वरून चिंधी गुंडाळत गेली. गाठ मारून झाली तरी इंदुताईची बोटं तिथंच होती.

बांधीतून रंजीता ओरडली, परहे सुकून राह्यले म्हणून.

"सोडू का?" इंदुताईनं विचारलं.

"नको," पुनम म्हणाली. "धर अजून थोडं."